गढीतली 'दारूची खोली' पाडून राह्यले – वाचवावी का, अन् कशी?

पूर्णाकाठ (शुक्रवार, रात्री ९.४०)
नमस्कार मंडळी. आमचं गाव चांदूर बाजार तालुक्यात, पूर्णेपासून कोसभर. गावाच्या मधोमध देशमुखांची गढी. गढी म्हणायची आपली सवय. चारातले दोन बुरुज पावसानं खाल्ले, बाकीच्यांची पांढरी माती लोकांनी टोपल्यांनी नेऊन आपापल्या भिंती लिपल्या. देशमुखांची पोरं नागपूर-पुण्यात, वाड्याचं लाकूड कधीच विकलं गेलं. शाबूत राहिली ती नैऋत्येची एकच खोली. दगड-चुन्याची, वर घुमटी छत, आत जेमतेम दहा बाय बारा फूट. दाराशी भिंत मोजली तर तीन हात भरली. खिडकी नाही, वरच्या अंगाला चार बोटांचे चार झरोके तेवढे. म्हातारी माणसं तिला 'दारूची खोली' म्हणतात. आजोबा सांगायचे की बंदुकीची दारू, गोळे, भाले, तलवारी, सगळं तिथेच असायचं.

आता ग्रामपंचायतीला सभागृहाचा निधी आला आणि जागा ठरली ती हीच. जेसीबीवाल्याला सांगूनही झालं. पुढच्या ग्रामसभेत ठराव आहे. माझं म्हणणं, सभागृह होऊ द्या, पण ती खोली ठेवून. "त्यात आहे काय, वटवाघळं," असं उत्तर मिळतं. मी काही इतिहासाचा माणूस नाही, कृषी केंद्र चालवतो. ती खोली खरंच दारूगोळ्याची होती का, हे ओळखायचं कसं? आणि असली तर काय धरून बोलावं?

हो, एक राहिलं. पाराजवळ लोखंडाची एक नळी उभी पुरलेली आहे, कंबरेएवढी. पोळ्याला तिला गेरू लावतात, एरवी बैल बांधतात. 'लंगडी' म्हणतात तिला. ती तोफ असावी असं आता वाटायला लागलंय.

कोरडा_वर्धा (रात्री ९.५२)
दारूची खोली? आणि पंचायत ती पाडते? आमच्या दारूबंदीच्या जिल्ह्यात अशी खोली सापडली तर पाडायच्या आधी रांग लागेल बाप्पा.

तुराटी (रात्री १०.०५)
भाऊ, नाव बदला पयले. 'दारूखाना वाचवा' असं बॅनर लावसान तं अर्धं गाव लगेच सह्या करीन, अन् बाकीचं अर्धं, म्हंजे बाया, जेसीबीच्या पुढं पुढं चालतीन.

खडूफळा (रात्री १०.४८)
वात्रटपणा पुरे. पूर्णाकाठ, तुमच्या आजोबांचं अर्धं बरोबर असावं आणि अर्धं नाही.

हत्यारं ठेवायची जागा म्हणजे शिलेखाना. 'सिलाह' म्हणजे शस्त्र, त्यावरून आलेला शब्द. दारू ठेवायची जागा दारूखाना. (दारू हा शब्द मुळात फारसीतला, अर्थ औषध. आपण अजून 'दवादारू' म्हणतोच की.) जुन्या कारभारात ही दोन खाती वेगळी आणि जागाही वेगळ्या. कारण सरळ आहे. तलवारीला धार लावायची तर ठिणगी उडते, भाल्याचं फळ दगडावर पडलं तरी उडते. ज्या खोलीत दारू, तिथे शिकलगार बसवणारा देशमुख दुसऱ्या दिवशी देशमुख राहिला नसता. तेव्हा तुमची खोली एक तर हत्यारांची, नाही तर दारूची.

गावोगाव असल्या खोल्या का, तेही सांगतो. १८०३ पर्यंत वऱ्हाडात दोअमली होती. मुलूख निजामाचा, वसुलीत वाटा नागपूरकर भोसल्यांचा. म्हणजे रयतेच्या दारात दोन वसूलदार. वरून पेंढारी. पेंढाऱ्यांची धाड आली की गाव गुराढोरांसकट गढीत शिरायचं आणि बुरुजावरून दोन बार उडवले की धाड पुढच्या गावाकडे वळायची. लुटायला आलेल्याला लढाई नको असते. त्यापुरता साठा प्रत्येक गढीत असे. १८०३ च्या डिसेंबरात देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला. १८५३ मध्ये निजामाच्या कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आलं. पुढे १८७८ चा शस्त्र कायदा आला, हत्याराला परवाना लागू लागला आणि गढ्यांतल्या या खोल्या रिकाम्या झाल्या. नंतर कुणी कडबा भरला, कुणी कुलूप लावून किल्ली हरवली.

झरोक्यांकडे नीट पाहा. सरळ आरपार आहेत की आत वळलेले?

पुण्यात_वऱ्हाडी (रात्री ११.१५)
सर, ती लंगडी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेनं मागे टाकलेली असू शकते का? गाविलगडावर तोफा नेल्या तेव्हा?

खडूफळा (रात्री ११.३१)
नाही. वेलस्ली २९ नोव्हेंबर १८०३ ला तेल्हाऱ्याकडच्या अडगावला लढला आणि तिथून अचलपुरात आला. ७ डिसेंबरला त्याची आणि कर्नल स्टीव्हन्सनची, अशा दोन्ही फौजा अचलपुराहून निघाल्या. स्टीव्हन्सनच्या तुकडीनं जड तोफा धामणगावच्या बाजूनं डोंगर चढवून गडाच्या उत्तरेला लबाडा गावी नेल्या. रस्ता नव्हताच, आधी रस्ता तोडायचा आणि मग तोफा हातानं ओढायच्या, असं १२ तारखेपर्यंत चाललं. १५ ला गड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढताना गेला. या सगळ्यात चांदूर बाजारकडे कुणी वळण्याचं कारण नाही. कंबरेएवढी नळी किल्ला फोडणारी तोफ नसतेच. जंबुरा असेल, बुरुजावर खुंट्यात फिरवायचा. नाही तर उंटावरचा.

प्रत्येक गावाला आपल्या इथे वेलस्ली जेवून गेला असं वाटतं. माझ्या सासुरवाडीलाही वाटतं.

लोहारसाळ (शनिवार, सकाळी ६.२०)
लंगडीबद्दल मी सांगतो, आमची भट्टी चार पिढ्यांची. जुनी लोखंडी तोफ दोन तऱ्हेची. एक ओतीव. दुसरी घडीव, म्हणजे लोखंडाच्या लांब पट्ट्या नळीसारख्या एकीशी एक लावायच्या, त्यावर लाल तापवलेली कडी चढवायची आणि ठोकायची. कडं थंड होताना आकसते आणि पट्ट्या आवळते. बैलगाडीच्या चाकाला धाव बसवतात ना, तसंच. गेरू हळूच पुसून बोट फिरवा. वितीवितीनं उंचवटे लागले तर घडीव आहे, म्हणजे आमच्यासारख्याच कुणीतरी केलेली.

दोन गोष्टी करू नका. घासून चकचकीत करू नका आणि दुकानातला काळा ऑइलपेंट फासू नका. पेंटखाली गंज गुपचूप वाढतो आणि एक दिवस पोपडा लोखंडासकट निघतो. हिरड्याच्या किंवा बाभळीच्या सालीच्या काढ्यानं गंज काळा पडून बसतो, संग्रहालयवालेही त्यातलंच टॅनिन वापरतात. पण ते त्यांच्याकडून करून घ्या. तुमचं खरं दुखणं जमिनीच्या रेघेवर आहे. जिथे लोखंड मातीत शिरतं, तिथे ओल आणि हवा दोन्ही लागते, वर बैलाचं मूत. तिथं ती आतून पोखरली असणार.

तुराटी (सकाळी ७.४५)
म्हंजे बैलायनं तोफ जिंकली.

बिनपाण्याचा_ढग (सकाळी ८.१०)
कडू बोलतो, राग मानू नका. आमच्या गावात पोट्टे भरतीचा अन् एमपीएससीचा अभ्यास देवळाच्या ओट्यावर करून राह्यले, डोक्यावर ट्यूबलाइट नाही. आणि तुम्ही शहरात बसून वटवाघळांची खोली जपा म्हणता. देशमुखांची गढी होती, आमच्या पणज्याला तिच्या पायरीवर चढायची सोय नव्हती. धाड आली तेव्हा आमची वस्ती गढीत घेतली का, हे कुठं लिहून ठेवलंय? त्या दारूचा धाक पेंढाऱ्याला किती होता अन् कुळाला किती, तेही सांगा मास्तर.

खडूफळा (सकाळी ८.५५)
सांगायला हवं होतं, राहिलं. गाव आत शिरायचं हे मी सरसकट लिहून गेलो. 'गाव' म्हणजे कोण, हा प्रश्न बरोबर आहे. शिलेखाना वसुलीसाठीही होता.

पूर्णाकाठ (सकाळी ९.३०)
ढग भाऊ, मी शहरात नाही, गावातच आहे, गल्ल्यावर बसून लिहितोय. आणि आमचं घरही गढीच्या बाहेरचंच. आजोबा त्या खोलीबद्दल बोलायचे ते कौतुकानंच असं नाही. त्यांच्या वडलांना एका रात्री तिथे कोंडलं होतं, सारा थकला म्हणून. हे गावात कुणी जाहीर बोलत नाही. माझ्या लेखी ती खोली ठेवायचं हेही एक कारण आहे. पाडली की कोंडणाऱ्याचीही आठवण जाते आणि कोंडलेल्याचीही.

बिनपाण्याचा_ढग (सकाळी ९.४१)
हे पयलेच लिहायचं ना भाऊ. आता ऐकतो.

विटा_वाळू (सकाळी ११.००)
मी बांधकामातला माणूस आहे, अशी सभागृहं बांधून पोट भरतो, तेव्हा माझी बाजू कोणती ते आधीच सांगितलं. जेसीबीला तीन हात जाडीची चुन्याची घुमटी पाडणं वाटतं तितकं सोपं नाही. मातीचा बुरुज बसतो, चुन्याचा घुमट अडतो. दात तुटतात, भाडं तासावर. खोली सोडून बाकी गढीत नकाशा बसवला तर पंचायतीचे पैसे वाचतील. हा मुद्दा ग्रामसभेत 'वारसा' या शब्दापेक्षा लवकर पटेल.

दुरुस्ती केलीत तर सिमेंट लावू नका. मी हे शिकलो ते स्वतःच्या चुकीतून. एका गावचं जुनं देऊळ मला सांगितलं होतं. मी हौसेनं चांगल्या ब्रँडच्या सिमेंटचा गिलावा केला, लोकांनी शाल दिली. दोन पावसाळ्यांत आतला दगड पीठ होऊन गळायला लागला. जुनी भिंत ओल पिते आणि चुन्यातून बाहेर टाकते. सिमेंटनं मी तिचं नाक-तोंड दाबलं होतं. शेवटी तो गिलावा छिन्नीनं काढला, माझ्या पैशानं. शाल अजून आहे घरी.

सातपुडा_सावली (दुपारी १२.२५)
जेसीबीपेक्षा मोठी भीती सांगू? गुप्तधनवाले. तुम्ही 'जुनी खोली, दार बंद, आजोबा सांगायचे' असं लिहिलंत ना, ते वाचून कुणीतरी पायाळू माणूस शोधायला निघालाही असेल. मेळघाटाच्या कडेला एका पडक्या चौकीत मी स्वतः पाहिलंय: फरशी उचकटलेली, पुरुषभर खड्डा, कडेला हळद-कुंकू, लिंबं, काळ्या कोंबडीची पिसं. भिंत पायातून खणल्यामुळे पुढच्या पावसाळ्यात सगळी चौकी खड्ड्यात बसली. धन काय निघालं माहीत नाही, चौकी मात्र गेली.

१८७८ चा निखात निधीचा कायदा अजून आहे. दहा रुपयांवरचं काहीही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं.

तुराटी (दुपारी १२.३३)
१८७८ सालीच शस्त्र कायदा, १८७८ सालीच गुप्तधनाचा कायदा. सरकारनं त्या वर्षी हत्यार बी काढलं अन् हंडा बी.

कोरडा_वर्धा (दुपारी १.१०)
थट्टा मीच सुरू केली होती, आता जरा वेगळं. माझ्या मामाचं गाव पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या अंगाला. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथे आग लागली तेव्हा मी मामाकडेच होतो, उन्हाळ्याच्या सुट्टीत. पहिल्यांदा वाटलं भूकंप. खुंटीवरचे पितळी डबे खाली आले. मग आकाश नारिंगी. मामी लेकरांना घेऊन अंधारात वावराकडे पळाली, अनवाणी. सकाळी कळलं की आग विझवायला गेलेली माणसंच गेली.

तेव्हापासून 'दारूखाना' शब्द ऐकला की हसू येतं आणि थांबतंही. तुमची खोली नैऋत्येला का, याचं उत्तर त्यात असावं. वाऱ्याचा, वस्तीचा विचार करूनच लोक असली जागा कोपऱ्यात टाकत असणार. आज गाव वाढून खोली मध्यात आलेली दिसते.

खडूफळा (दुपारी १.४०)
कोपरा म्हणून ठीक. वाऱ्याचं मात्र उलट आहे. आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्येकडूनच येतो, म्हणजे ठिणगी गढीवरच पडायची. बांधणाऱ्यानं वाऱ्याचा विचार केला असेल असं नाही. जागा उरली तिथे बांधली असेल.

अंजनगावची_सून (दुपारी ३.१५)
मी इतकी मोठी उत्तरं लिहीत नाही, पण हे लिहायला हवं. माझ्या माहेरी अगदी अशीच खोली आहे, भातकुलीकडे. आमच्या महिला बचत गटानं तिच्यात आठ-नऊ वर्षं तुरीची डाळ, मिरची, शेवया ठेवल्या. गावात इतकी कोरडी जागा दुसरी नव्हती. उंदीर शिरायला जागा नाही. भर श्रावणात शेवई मऊ पडत नसे. पुरुष मंडळी 'किल्ला, इतिहास' म्हणून वर्षातून एकदा फोटो काढायची, झाडलोट आम्ही करत होतो. छताला पिंपळाचं रोप आलं की आमची एक काकू शिडी लावून उपटायची. गट मोडला, काकू गेली, तीन वर्षांत पिंपळ हाताएवढा झाला आणि घुमटाला चीर पडली.

म्हणून म्हणते, फलक लावू नका. कुणाला तरी रोज उघडायला लावा ती खोली.

एक मात्र होतं. पावसाळ्यात भिंतीला बुडापासून पांढरा फुलोरा यायचा, मिठासारखा. आम्ही पोतं खाली ठेवत नव्हतो, फळीवर ठेवायचो.

पूर्णाकाठ (दुपारी ३.२८)
ताई, अहो हा पांढरा फुलोरा आमच्या खोलीतही आहे! हा दारूचा अंश असेल का?

खडूफळा (दुपारी ४.०५)
घाई नको. दारूत तीन जिनसा: सोरा, गंधक, कोळसा. साधारण शंभरात पंचाहत्तर सोरा, पंधरा कोळसा, दहा गंधक. सोरा निघतो जुन्या वस्तीच्या मातीतून, जिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसं-गुरं राहिली, मूत-शेण मुरलं. म्हणजे आपल्या गावठाणातल्या पांढरीतून. सोरा करणारे ती माती खरवडून, भिजवून, निथळलेलं पाणी राख घालून उकळत; थंड झालं की सुईसारखे स्फटिक धरत. कोळसा हलक्या लाकडाचा हवा. तुरीच्या काड्यांचा कोळसा यासाठी चांगला समजत.

भिंतीवरचा फुलोरा सोरा असू शकतो, पण गोठ्याच्या भिंतीलाही तो येतो. त्यावरून दारूखाना सिद्ध होत नाही. शिवाय तुमच्याकडून पुढे सगळा खारपाण पट्टा. साधं मीठही असेल. चिमूटभर घेऊन घरी, खोलीपासून लांब, निखाऱ्यावर टाका. सोरा असेल तर निखारा तिथे भडकून उजळतो. मीठ नुसतं तडतडतं.

तुराटी (दुपारी ४.११)
मास्तर! तुराटीचा कोळसा! म्हंजे आम्ही बी तोफखान्यातले. आजपासून माह्या नावापुढं 'सरदार' लावा.

चांदागड (सायंकाळी ६.३०)
चंद्रपूरकडून राम राम. आमच्या शहराचा परकोट जवळपास अकरा किलोमीटर आहे, १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा लावून तो फोडला होता. पण त्यानंतरच्या दोनशे वर्षांत झाडझुडपांनी आणि कचऱ्यानं जे केलं ते तोफांना जमलं नव्हतं. २०१७ पासून इको-प्रो या संस्थेची पोरं रोज सकाळी बुरुज साफ करायला लागली, पुरातत्त्व खात्याच्या परवानगीनं. मी पण काही रविवार गेलो.

त्यातून शिकलेलं एकच सांगतो. मोठा पिंपळ उपटू नका. मूळ ओढलं की सोबत पाच दगड येतात. आधी वरून छाटायचा, मूळ जागच्या जागी मरू द्यायचं, मग फट चुन्यानं बंद करायची. काकूंनी रोप बोटाएवढं असताना काढलं, तेच खरं शास्त्र.

आमच्याकडेही सहा वर्षं दारूबंदी होती, तेव्हा तुमचे सगळे विनोद जुने आहेत.

पुण्यात_वऱ्हाडी (सायंकाळी ७.०२)
पूर्णाकाठ, सरळ पुरातत्त्व खात्याकडे अर्ज करून संरक्षित स्मारक करून घ्या. प्रश्नच मिटला.

विटा_वाळू (सायंकाळी ७.२०)
हे ग्रामसभेत बोलू नका, मार खाल. लोकांना 'संरक्षित' म्हटलं की एवढंच कळतं की शंभर मीटरात घराची वीट हलवता येणार नाही. २०१० ची ती सुधारणा केंद्राच्या स्मारकांसाठी आहे, गावच्या गढीला आपोआप लागत नाही. पण हे समजावून सांगेपर्यंत सभा संपलेली असते. गावठाणातली घरकुलं अडकणार ही अफवा एकदा उठली तर लोक रात्रीतून खोली पाडतील.

खडूफळा (रात्री ८.००)
विटा_वाळूंशी सहमत, आणि असं मी फार वेळा म्हणत नाही. राज्याचा १९६० चा कायदा आहे, त्याखाली प्रस्ताव करता येतो. पण राज्यात अशा गढ्या किती, आणि यादीत किती! आधी नमुना ८ (पंचायतीतला घर-जागेचा उतारा) काढा, खोली कुणाच्या नावावर ते बघा. पंचायतीची असेल तर ग्रामसभेचा साधा ठराव पुरे: ही खोली पाडायची नाही, गटाला वापरायला द्यायची. देशमुखांच्या नावावर असेल तर जेसीबी आपोआप थांबेल, कारण मग वारस उगवतील.

लंगडीचं मात्र खात्याला कळवाच. शंभर वर्षांवरची वस्तू असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते.

पूर्णाकाठ (रात्री ८.३५)
लंगडीवरून सांगतो, मागच्या महिन्यात भंगारवाला वजनाचा अंदाज घेत होता. पोरांनी त्याला गोटे दाखवले.

सातपुडा_सावली (रात्री ९.१५)
विषय निघालाच आहे म्हणून. कुणी अलीकडे नरनाळा किल्ल्यावर गेलं का? शहानूरवरून वर. त्या नऊगजी तोफेवर लोकांनी खिळ्यानं 'अमुक लव्ह तमुक' कोरलेलं पाहून जेवण गोड लागलं नाही.

अंजनगावची_सून (रात्री ९.३०)
आमच्या अंजनगावचं तसंच. ३० डिसेंबर १८०३ ला शिंदे-इंग्रजांचा तह इथे झाला, सुर्जी-अंजनगावचा तह म्हणून पोरं पाठ करतात. बाहेरचा माणूस आला की विचारतो पानपिंपरी कुठे मिळेल.

पुण्यात_वऱ्हाडी (रात्री ९.३४)
ताई, कुठे मिळेल? :)

पूर्णाकाठ (मंगळवार, रात्री १०.१०)
तीन दिवस बाजार होता, आता सविस्तर.

रविवारी मी, माझा पोरगा आणि पोलीस पाटलांचा नातू शिडी घेऊन गेलो. सगळ्यात आधी झरोके. पोराच्या हातात तुराटी दिली (सरदार, तुमचीच). हातभर आत गेली आणि अडकली. चारही झरोक्यांत तसंच. मोबाइलचा उजेड मारला तर आत उजेड पोचत नाही. मग आत अगरबत्तीचा पुडा लावला आणि दार लोटून बाहेर आलो. थोड्या वेळानं उत्तरेच्या दोन झरोक्यांतून धूर निघायला लागला, अगदी सावकाश. म्हणजे वारा जातो, उजेड जात नाही, सरळ रेषेत काहीच जात नाही.

फुलोरा निखाऱ्यावर टाकला. तडतडला, बस. मीठच.

दाराच्या चौकटीला लोखंडाचा एक खिळा नाही, दार लाकडी उखळीत फिरतं. हा पुरावा धरायचा का सर?

लंगडीला वितीवितीवर कडी आहेत. लोहारसाळ दादा, तुम्ही म्हणालात तसं. खालच्या अंगाला बोट शिरेल एवढं भोक पडलंय.

खडूफळा (रात्री १०.४०)
दार सोडा, आपल्याकडची सगळीच जुनी दारं तशी फिरत. धान्याच्या कोठीचीही. पण झरोक्यांचं वळण, ते मी मान्य करतो. धान्याला हवा लागते, पण झरोका वाकवण्याचा त्रास धान्यासाठी कुणी घेत नाही. बाहेरून ठिणगी, पलिता, गोळी आत जाऊ नये आणि दारू मात्र कोरडी राहावी, यासाठीच तो खटाटोप. बचत गटाच्या शेवया कुरकुरीत राहिल्या त्याचंही कारण हेच. माझं मत दारूखान्याकडे झुकलं.

मग भाले-तलवारी दुसरीकडे होत्या. ती खोली गेली.

लोहारसाळ (रात्री ११.०५)
भोक पडलंय म्हणजे या पोळ्याला बैल बांधू नका तिला. गेरू लावायचा तर लावा, मान तिचा आहे. बाजूला सागाचा खुंटा ठोका.

बिनपाण्याचा_ढग (बुधवार, सकाळी ७.३०)
सभेचं काय झालं ते सांगा.

पूर्णाकाठ (सकाळी ८.१५)
सभा झालीच नाही. गणपूर्ती नव्हती, कापूस वेचणी चालू. तहकूब. पण त्याआधी विटा_वाळूंचा हिशेब मी सरपंचांना चहावर सांगितला होता. ते नकाशा फिरवायला 'बघू' म्हणाले. आमच्याकडे 'बघू' म्हणजे हो नाही, पण जेसीबीही नाही. नमुना ८ वर जागा पंचायतीचीच निघाली.

आईनं गटातल्या बायांना नेऊन खोली दाखवली. त्यांनी वास बघितला, भिंतीला हात लावला आणि लगेच भांडण सुरू झालं की मिरची आधी कुणाची ठेवायची. एकीनं विचारलं, दारूची खोली म्हणून नाव गटाच्या पासबुकावर येईल का.

घुमटावर पिंपळाची तीन रोपं होती, दोन बोटाएवढी काढली. तिसरं मनगटाएवढं आहे, ते चांदागड म्हणतात तसं छाटून ठेवलं. फटीत भरायला चुना हवा. कळीचा चुना मिळाला, पण मळायचा कसा? घाणीचं दगडी चाक आता कुठे पाहायला मिळत नाही. मिक्सरमध्ये फिरवू म्हणतो मिस्त्री.

विटा_वाळू (सकाळी ८.४०)
मिक्सर नको. चुना आधी खड्ड्यात विझवून मुरू द्या, निदान पंधरा दिवस. मग घाणीतच.

बिनपाण्याचा_ढग (सकाळी ८.५८)
दगडी चाक आमच्या वावराच्या फाटकाला टेकवून ठेवलंय, आज्याच्या वेळचं. चराचा दगड पाह्यजे तं खालीच गाडला गेला आहे, उकरून देतो. आमचं गाव आसेगावकडं. ट्रॅक्टर घेऊन या, सोबत चार जण आणा, चाक एकट्यानं हलत नाही.

तुराटी (सकाळी ९.०३)
तीन मी आणतो.